अंघोळीची मिनिटे

आईच्या काळजीसाठी सरकारी खर्चाने मदतनीस मिळावी असा अर्ज आम्ही केला होता, आणि तिची अवस्था प्रत्यक्ष पाहून आठवड्याला किती तासांची मदत मंजूर करायची हे ठरवणाऱ्या बाई त्या दिवशी सकाळी दहा वाजता घरी यायच्या होत्या. आईला अर्धांगवायूचा झटका येऊन तेव्हा सहा महिने झाले होते. उजवा हात निकामी झाला होता, उजवा पाय ओढत टाकावा लागे, बोलणे पुष्कळसे परत आले होते तरी हवा तो शब्द मधूनमधून हुलकावणी देई. त्या सहा महिन्यांत तिने स्वतःचे केस स्वतः विंचरले नव्हते. त्या दिवशी मात्र तिने मुद्दाम मुक्कामाला आलेल्या ताईला पहाटेच उठवले, केस नीट बांधून घेतले, ठेवणीतले कपडे घालून घेतले आणि पलंगावर न बसता खुर्चीत बसवायला लावले. बाई आल्या तेव्हा ती इतकी ताठ बसली होती की जणू तीच आमच्याकडे पाहुणी म्हणून आली असावी आणि आता निघायच्या बेतात असावी.

प्रश्न सुरू झाले. अंघोळ स्वतः करता का? "करते की." कपडे? "घालते." संडासला जाताना कुणाची मदत लागते का? यावर ती क्षणभर थांबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "रात्री लागलं तर मुलगा सोबत येतो, एवढंच." त्या 'एवढंच'मध्ये रात्रीतून तीनदा उठणे होते, कमोडपर्यंतची आठ पावले होती, आणि ती आठ पावले पुरी होण्याआधीच कधी कधी बदलाव्या लागणाऱ्या चादरी होत्या. मला राहवले नाही. "नाही," मी म्हणालो, "ती यातले काहीच एकटी करू शकत नाही." आणि मग एकेक करून मी सगळे सांगत गेलो. मी जे सांगितले ते खरे होते आणि तिच्याच भल्यासाठी होते. पण आईच्या समोर बसून आईला काय काय येत नाही याची यादी मी एका अनोळखी बाईला देत होतो, आणि आई खिडकीबाहेर पाहत होती. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

बाई अनुभवी असाव्यात. दारापर्यंत पोहोचवायला गेलो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मूल्यमापनाच्या दिवशी सगळीच म्हातारी माणसं बरी होतात. म्हणून तर आम्ही घरच्यांना वेगळं विचारतो." तरीही कागदावर आईची उत्तरेही गेलीच असणार, कारण मंजूर झालेले तास आम्ही मागितले होते त्याहून बरेच कमी होते. पहिले काही दिवस मला आईचा रागच आला. आपल्या खोट्या ताठ्यापायी तिने स्वतःचे नुकसान करून घेतले, असे मला वाटत होते. त्या रागातून बाहेर यायला मला त्या तक्त्याचाच उपयोग झाला, ज्याच्या रकाने-रकान्यांत आईला बसवले गेले होते. हे प्रश्न आले कुठून, ते कुणी ठरवले, हे शोधत मी बसलो आणि मग बरेच दिवस त्यातच गुंतून राहिलो.

जगभरात जिथे जिथे सरकार वृद्धांच्या आणि अपंग प्रौढांच्या घरच्या शुश्रूषेचा खर्च उचलते, तिथल्या अर्जांच्या मुळाशी बहुधा एकच छोटी यादी सापडते. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लीव्हलंडच्या बेंजामिन रोझ रुग्णालयातल्या रुग्णांच्या निरीक्षणावरून ती तयार केली आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. खुब्याचे हाड मोडलेले आणि पक्षाघात झालेले असे ते वयस्क रुग्ण होते. यादीत सहाच गोष्टी आहेत: अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, बिछान्यातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा, आणि हाताने जेवणे. कॅट्झ यांना असे दिसले की ही कामे माणसाच्या हातून एका ठरावीक क्रमाने सुटत जातात. अंघोळ सर्वांत आधी जाते, स्वतःच्या हाताने जेवणे सर्वांत शेवटी. आणि माणूस बरा होऊ लागला की जे शेवटी गेले ते आधी परत येते. मूल ज्या क्रमाने ही कामे शिकते त्याच्याशी त्यांनी या क्रमाची तुलना केली होती. हे वाचले त्या रात्री मी आईला मनातल्या मनात पुन्हा त्या सहा पायऱ्यांवर उभे करून पाहिले. डाव्या हाताने चमचा धरून ती जेवत होती. झटक्यानंतर तिने परत मिळवलेली पहिली गोष्ट तीच होती. अंघोळ मात्र अजून फार दूर होती.

पुढे १९६९ मध्ये पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी या अमेरिकन संशोधकांनी दुसरी यादी दिली. टेलिफोन, खरेदी, स्वयंपाक, घरातली आवराआवर, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशांचा व्यवहार अशी तिच्यात आठ कामे होती. एकटे राहायचे तर माणसाला ही कामे यावी लागतात. गंमत अशी की मूळ पद्धतीत बायकांना आठांपैकी गुण मिळत आणि पुरुषांना पाचांपैकी. स्वयंपाक, घरकाम आणि धुणे ही तीन कामे पुरुषांच्या बाबतीत मोजलीच जात नसत. ज्याने जन्मात भांडे घासले नाही त्याला आता भांडे घासता येत नाही हे अपंगत्व कसे मानायचे, हा त्यामागचा विचार तर्काला धरून आहे, हे मान्य करावे लागते. पण त्यातून निघणारा अर्थ असा की बायको हयात असेपर्यंत पुरुष स्वावलंबी ठरतो.

यादी झाली की पुढचा प्रश्न येतो तो मापाचा. सरकार पैसे देणार म्हणजे कुणाला किती हे ठरवावे लागणार, आणि ते ठरवायला काहीतरी मोजावे लागणार. जर्मनीने १९९५ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा सामाजिक विमा सुरू केला. मालक आणि नोकर यांनी त्याची वर्गणी निम्मी-निम्मी भरायची होती, आणि मालकांवर पडणाऱ्या भाराची भरपाई म्हणून प्रायश्चित्त व प्रार्थनेच्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी सॅक्सनी हे राज्य वगळता सगळीकडे रद्द करण्यात आली. म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेसाठी एका देशाने वर्षातला एक दिवस जास्त काम करायचे ठरवले, ही गोष्ट मला फार आवडते. त्या विम्यात सुरुवातीला मदतीच्या तीन पायऱ्या होत्या आणि त्या मिनिटांवर ठरत. दिवसाला सरासरी दीड तास मदत लागत असेल तर पहिली पायरी, तीन तास लागत असतील तर दुसरी, पाच तास लागत असतील तर तिसरी. मूल्यमापन करणाऱ्यांच्या हाती कामागणिक मार्गदर्शक वेळा दिलेल्या असत. सर्वांग धुण्यासाठी २० ते २५ मिनिटे, कपडे घालण्यासाठी ८ ते १०, केस विंचरण्यासाठी १ ते ३. जपानमध्ये एप्रिल २००० पासून लागू झालेल्या शुश्रूषा विम्यात ७४ मुद्द्यांची पाहणी होते, संगणक पहिला अंदाज काढतो आणि मग तज्ज्ञांचे मंडळ अंतिम पातळी ठरवते. तिथेही हिशेब मिनिटांतच मांडला जातो, आणि सर्वांत वरची पातळी ११० मिनिटांपासून सुरू होते. अर्थात ही मिनिटे म्हणजे घड्याळातली मिनिटे नव्हेत. माणूस किती परावलंबी आहे याचे ते एक एकक आहे. पण एककाला नाव मिनिटाचे दिले की ते हळूहळू घड्याळासारखेच वापरले जाऊ लागते.

मोजमापाला नावे ठेवणे सोपे आहे, आणि मी ती पुष्कळ ठेवली. केस विंचरायला तीन मिनिटे! आईचे केस विंचरताना ताई तिच्याशी बोले, गुंता सोडवता सोडवता जुन्या गोष्टी निघत, मध्येच एखादा शब्द अडला की ताई कंगवा थांबवून वाट पाही, आणि तो शब्द सापडला की दोघी हसत. याची मिनिटे कोण लावणार? पण हाही विचार करून पाहावा की माप नसते तर काय झाले असते. जिथे माप नाही तिथे कुणाची तरी मर्जी असते. अधिकाऱ्याला ज्याची दया येईल त्याला मदत मिळाली असती, ज्याला ओळखीचा माणूस आहे त्याला अधिक मिळाली असती, आणि मूल्यमापनाच्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून ताठ बसणाऱ्या माझ्या आईला काहीच मिळाले नसते. माप चुकीचे असेल तर ते चुकीचे आहे असे म्हणत भांडता येते. आम्ही फेरविचाराचा अर्ज केला तो याच आधारावर, आणि थोडे तास वाढवूनही मिळाले.

मापाची खरी खोट दुसरीकडेच आहे. काम मोजता येते, लक्ष ठेवणे मोजता येत नाही. आमच्या परिचयातले एक निवृत्त शिक्षक विस्मरणाच्या आजाराने ग्रासले होते. कॅट्झ यांच्या सहाही गोष्टी त्यांना येत. ते अंघोळ करत, जेवत, ऐटीत चालत. फक्त केव्हाही दार उघडून चालू लागत, पेटवलेला गॅस विसरत आणि रात्री दोन वाजता शाळेत जायची तयारी करत. त्यांच्या पत्नीने गेल्या दोन वर्षांत दाराकडे पाठ करून झोप घेतली नव्हती. मिनिटांच्या हिशेबात या बाईंचे काम जवळजवळ शून्य भरते, कारण त्या काहीच करत नसतात. त्या फक्त तिथे असतात. जर्मनीतली जुनी पद्धत नेमकी इथे अपुरी पडत होती, आणि पुष्कळ वर्षांच्या टीकेनंतर २०१७ पासून तिथे तीनच्या जागी पाच श्रेणी आल्या, मिनिटे मागे पडली आणि माणूस स्वतंत्रपणे किती काय करू शकतो, त्यात त्याची समज आणि वागणे कसे आहे, हेही मोजले जाऊ लागले. या सुधारणेला बावीस वर्षे लागली.

मात्र घरी राहूनही सरकारी मदत मिळू शकते हीच कल्पना मुळात फार जुनी नाही. दीर्घकाळ सरकारला पैसे द्यायचे असत ते खाटेसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या किंवा शुश्रूषागृहातल्या खाटेसाठी. अमेरिकेत १९६५ मध्ये गरिबांसाठी मेडिकेड ही आरोग्य योजना आली तेव्हा शुश्रूषागृहाचा खर्च हा हक्क ठरला, पण घरी दिल्या जाणाऱ्या दैनंदिन शुश्रूषेला तसे स्थान नव्हते. आयोवा राज्यातली केटी बेकेट ही लहान मुलगी मेंदूज्वरानंतर श्वासयंत्रावर होती. ती रुग्णालयात आहे तोवर सरकार खर्च देत होते, आणि घरी नेली तर तो बंद होणार होता. वास्तविक घरचा खर्च रुग्णालयाच्या मानाने कितीतरी कमी होता. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकारांसमोर हे उदाहरण दिले, तिच्यासाठी नियमाला अपवाद केला गेला, आणि त्याच वर्षी राज्यांना वृद्ध व अपंगांसाठी घरी सेवा देता यावी म्हणून कायद्यात सवलतीची वाट ठेवली गेली. पुढे १९९९ च्या ओल्मस्टेड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्यांना समाजात राहता येणे शक्य आहे अशा अपंगांना विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव आहे. तरीही घरची सेवा तिथे बऱ्याच अंशी 'सवलत'च राहिली. सवलतीला संख्येची मर्यादा घालता येते, आणि म्हणून अनेक राज्यांत लांबलचक प्रतीक्षायाद्या आहेत. खाट मागितली तर ती नाकारता येत नाही, घर मागितले तर रांगेत उभे राहावे लागते.

या सगळ्या वाचनात मला एक गोष्ट उशिरा उमगली. वृद्धांच्या घरच्यांनी सरकारकडे जे मागितले आणि अपंग तरुणांनी जे मागितले, ते एक नव्हते. आमच्यासारखे लोक मागत होते विसावा, जागरणातून सुटका, बदली माणूस. एड रॉबर्ट्स काही वेगळे मागत होता. चौदाव्या वर्षी पोलिओ होऊन मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी झालेला हा मुलगा १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात दाखल झाला आणि विद्यापीठाच्याच रुग्णालयात राहून शिकला. त्याची मोठी लोखंडी श्वासपेटी वसतिगृहात मावणारी नव्हती. १९७२ मध्ये बर्कलेला स्वतंत्र जगण्याचे केंद्र उभे राहिले त्यामागे तो आणि त्याचे सहकारी होते. त्यांचे म्हणणे असे की मला मदत लागते ती कुणी, केव्हा आणि कशी करायची हे मी ठरवीन. मदतनीस माझ्या आईच्या, डॉक्टरच्या किंवा संस्थेच्या हाताखाली नसेल, माझ्या हाताखाली असेल. याच्यासाठी खटाटोप करून काही उपयोग नाही, इतका हा अपंग आहे, असे ज्या पुनर्वसन खात्याने एकेकाळी त्याच्याबद्दल ठरवले होते, त्याच खात्याचा तो १९७५ मध्ये प्रमुख झाला. स्वीडनमध्ये आडोल्फ रात्स्का यांनी स्टॉकहोमच्या अपंगांची सहकारी संस्था उभारून हाच आग्रह धरला, आणि १९९४ पासून तिथल्या कायद्याने तीव्र अपंगत्व असलेल्यांना स्वतःचा साहाय्यक निवडण्याचा हक्क दिला. पण त्या कायद्यालाही पुष्कळ वर्षे ६५ वयाची रेघ होती. ती ओलांडल्यावर हा हक्क नव्याने मागता येत नसे. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी पाय गेले तर माणूस स्वतःचा मालक, आणि सहासष्टाव्या वर्षी गेले तर म्हातारा.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराने कुठे आणि कुणासोबत राहायचे हे निवडण्याचा हक्क शब्दांत मांडला, त्यात वयाची अट नाही. मी तो परिच्छेद वाचला आणि आठवून पाहिले, की आईला मदतनीस कशी हवी, सकाळी की संध्याकाळी, हे आम्ही तिला विचारले होते का? नव्हते. अर्ज मी भरला होता, वेळ माझ्या नोकरीच्या सोयीने निवडली होती.

माणूस द्यावा की पैसे द्यावेत, हाही एक जुना वाद आहे. जर्मनीत दोन्ही मिळते. रोख रक्कम घेतली तर ती सेवेच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी भरते, तरी पुष्कळ कुटुंबे रोखच घेतात आणि घरचेच कुणी काळजी घेते. जपानने मात्र घरच्यांना रोख रक्कम देण्याचे नाकारले, आणि त्याला मोठा आग्रह होता तो तिथल्या स्त्रियांच्या संघटनांचा. त्यांचे म्हणणे, पैसे हातात दिले की घरातली सून किंवा लेक त्या थोड्या पैशांत जन्माची बांधली जाईल आणि बाहेरची सेवा कधी उभीच राहणार नाही. मला आधी हे पटत नव्हते. जो राबतो त्याला चार पैसे मिळाले तर काय वाईट, असे मी म्हणे. मग ताईचा हिशेब डोळ्यांपुढे आला. आईच्या झटक्यानंतरचे पहिले तीन महिने ताईने केले. आधी बिनपगारी रजा, मग राजीनामा. घरात याबद्दल चर्चासुद्धा झाली नव्हती. माझी नोकरी सुटावी असे कुणाच्या, अगदी ताईच्याही, मनात आले नव्हते. त्या वेळी दरमहा थोडी रक्कम मिळत असती तर आम्ही सगळ्यांनी मिळून तिला तिथेच ठेवले असते आणि वर तिला पैसे मिळतात म्हणून समाधानही मानले असते. जर्मनीतला विमा घरच्या काळजीवाहकाच्या निवृत्तिवेतनाची वर्गणी भरतो, ही त्यातल्या त्यात बरी तजवीज. ताईची तीन महिन्यांनंतर हुकलेली बढती मात्र कुठल्याच विम्यात भरून मिळणारी नाही.

ताई तिच्या घरी परतली आणि आईची अंघोळ माझ्याकडे आली. मंजुरी येऊन मदतनीस मिळेपर्यंतचे चार महिने मी आईला अंघोळ घातली. याविषयी लिहावे की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. आई डोळे मिटून घेई. मी शक्य तेवढा दुसरीकडे पाहत, शक्य तेवढ्या लवकर, पाणी घालून टॉवेल गुंडाळत असे. त्या चार महिन्यांत आई अंघोळीच्या वेळी एकच वाक्य बोलली, "झालं का?" तिने कधी कुरकूर केली नाही, काही मागितले नाही, आणि मला वाटत असे की मी हे काम चांगले करतो.

मदतनीस आली तो पहिला दिवस. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी फोनवर आल्याची नोंद केली, आईला 'आजी' म्हणून हाक मारली आणि आधार देऊन न्हाणीघरात नेले. मी बाहेर उभा होतो. दोन मिनिटांत आतून आईचा आवाज आला, असा खणखणीत आवाज झटक्यानंतर मी ऐकला नव्हता: "अगं, किती कढत पाणी! भाजायचंय का मला? आणि पाठीला जरा जोर लाव, हात फिरवतेस की फुंकर घालतेस?"

चार महिने पाणी कढत होते आणि चार महिने पाठ नीट चोळली गेली नव्हती. ते मला सांगावे असे तिला एकदाही वाटले नाही, कारण मी मुलगा होतो. माझी झोपमोड होत होती, मी करत होतो ते उपकार होते, आणि उपकार करणाऱ्याच्या पाण्याला नावे ठेवता येत नाहीत. या बाई मात्र त्याच कामासाठी आल्या होत्या, आणि त्यांचा पगार आईने आयुष्यभर भरलेल्या करांतून येत होता. हा संबंध आईला कुणी समजावून सांगितला नव्हता, तिला तो आपोआप कळला होता. सरकारी पैशाने घरी शुश्रूषा मिळते तेव्हा काय मिळते, याचे मला सापडलेले उत्तर हे आहे: तक्रार करण्याची मोकळीक. सिंगापूरने १९९५ मध्ये आणि भारताने २००७ मध्ये आई-वडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी मुलांवर टाकणारे कायदे केले. निराधार म्हाताऱ्यांना त्यांचा आधार झाला असेल, मी तो नाकारत नाही; पण त्या कायद्यांत म्हाताऱ्या माणसाला तक्रार करायची ती स्वतःच्या मुलाविरुद्ध. माझ्या आईला पाणी कढत आहे एवढेसुद्धा मला सांगवले नव्हते.

ही तक्रार ज्यांना ऐकून घ्यावी लागते त्यांच्याबद्दल न लिहिणे अप्रामाणिक होईल. मदतनीस बाईंच्या फोनवरची ती नोंद मला आधी केवळ हजेरी वाटली होती. अमेरिकेत २०१६ च्या एका कायद्याने मेडिकेडच्या खर्चाने होणाऱ्या प्रत्येक भेटीची अशी नोंद सक्तीची केली: सेवा कोणती, कुणाला, कुणी दिली, तारीख, ठिकाण, आणि सुरू व संपण्याची वेळ. मोजायला याही सहाच गोष्टी. ज्याला मदत लागते त्याचे सहा रकाने आणि जो मदत करतो त्याचेही सहा रकाने, आणि दोघांमध्ये जे घडते ते या बाराच्या बाहेर. ब्रिटनमध्ये पंधरा मिनिटांच्या धावत्या भेटींवर इतकी टीका झाली की २०१५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अर्ध्या तासाहून लहान भेट काही विशिष्ट परिस्थितीतच असावी असे लिहावे लागले. एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याचा वेळ पगारात धरायचा की नाही, यावर अनेक देशांत तंटे झाले आहेत. न्यूयॉर्कमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या एव्हलिन कोक यांनी जादा कामाचा मोबदला मागितला, तेव्हा २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो नाकारला. सोबतीचे काम करणाऱ्यांना किमान वेतनाच्या कायद्यातून १९७४ पासून वगळलेले होते, आणि तो नियम न्यायालयाने ग्राह्य धरला. तो नियम बदलायचे २०१३ मध्ये ठरले. कोक त्याआधी चार वर्षे वारल्या होत्या. सरकारने आईला हक्क दिला, पण तो हक्क ज्या हातांनी पोचतो त्या हातांना स्वस्त ठेवून दिला, तर आईच्या तक्रारीला त्या बाईंनी हसून उत्तर का द्यावे?

याला पर्याय नाहीत असे नाही. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये योस दे ब्लोक या परिचारकाने ब्युर्टझोर्ख, म्हणजे शेजारची शुश्रूषा, या नावाची संस्था काढली. फार तर बारा जणांचा एकेक गट, गटावर साहेब नाही, आणि एका माणसाकडे शक्यतो तीच ती ओळखीची परिचारिका. कामाचे तुकडे न पाडता कुणाला काय हवे हे गटानेच ठरवायचे. चार जणांपासून सुरू झालेली ही पद्धत देशभर पसरली. आमच्याकडे असे काही नव्हते. पण त्या बाई दोन वर्षे बदलल्या नाहीत, आणि हा निव्वळ आमच्या नशिबाचा भाग होता. काम संपल्याची नोंद केल्यावर त्या कधी कधी पाच मिनिटे आईपाशी बसत. ती पाच मिनिटे त्यांची स्वतःची होती, आणि त्यांचे पैसे कुणी दिले नाहीत हे मला माहीत होते. मी तो प्रश्न कधी काढला नाही.

वर्षाने फेरमूल्यमापन आले. या वेळी दुसऱ्या बाई होत्या, कागदाऐवजी टॅबलेट होता. आईने केस बांधून घेतले होते, पण ती पलंगावरच बसली होती. मी माझी तयारी करून ठेवली होती: कोणता प्रश्न आला की काय सांगायचे, गेल्या वेळी काय सुटले, रात्रीचा किती वेळ धरायचा. बाईंनी नाव-वय विचारले, आणि मग पहिला प्रश्न आला, अंघोळ. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने डावा हात वर केला.

"याला जरा बाहेर पाठवा," ती बाईंना म्हणाली, "मग सांगते."

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतले. आतून आईचा आवाज येत होता. मधूनच तो एखाद्या शब्दापाशी अडे, थांबे, पुन्हा सुरू होई. बाई काही विचारत, मग बराच वेळ पुन्हा आईच. शब्द कळत नव्हते. मी घड्याळ पाहिले तेव्हा पंचवीस मिनिटे होऊन गेली होती, आणि ती अजून पहिल्याच प्रश्नावर आहे की पुढे गेली आहे, हे बाहेरून समजायला काही मार्ग नव्हता.